फॅन आणि गेमर लोकांवर पीएचडी, हे संशोधन की टाइमपास?

गंगापूररोडकर: रविवारी मिसळ खाताना भाचीने सांगितलं की पीएचडीचा विषय ऑनलाइन गेममधली माणसं, आणि गाइड मॅडम स्वतः पण खेळतात. मला काय पटेना राव. अमेरिकेत ते मीडियाचे अभ्यासक हेन्री जेन्किन्स, १९९२ मध्ये टीव्ही मालिकांच्या फॅन्सवर पुस्तक लिहिलं आणि वर उघड सांगतात मी पण फॅनच. मग आपला तो बाब्या होणारच ना?

रहाडवाला: दादा, रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे आपल्या नाशकातल्या रंगाच्या हौदाच्या काठावर मोबाइल घेऊन शंभर जण उभे असतात, आत उडी, म्हणजे धप्पा न मारता त्यांना काय कळतं? टॉम बोएलस्टॉर्फ नावाचा मानववंशशास्त्रज्ञ आधी इंडोनेशियात फिल्डवर्क करायचा, मग २००४ ते २००७ सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात राहिला, तिथंच घर, तिथंच ऑफिस, मुलाखती पण अवतारातूनच, म्हणजे तिथल्या त्याच्या पात्रातूनच. गावात न राहता गावावर लिहिलेलं चाललं असतं का तुम्हाला?

गंगापूररोडकर: अरे पण समोरची वीस वर्षांची पोरगी आहे का रिटायर्ड काका, हे कसं कळणार??

रहाडवाला: तिथल्यांना तरी कुठं कळतं एकमेकांचं! तरी लग्नं लावतात, जागा घेतात, भांडतात. तेच तर बघायचंय.

सिडकोची सूनबाई: टाइमपास म्हणू नका हो. २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये एका राक्षसाचा रोग पाळीव प्राण्यांबरोबर शहरात आला, खेळाडू पटापट मरायला लागले, काही पळाले, काही मदतीला धावले आणि काहींनी मुद्दाम पसरवला. त्यावर २००७ मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या जर्नलमध्ये पेपर आला. आपण हे सगळे नमुने २०२० ला गल्लीत बघितले की.

गंगापूररोडकर: ताई, गेममध्ये मेलेला दोन मिनिटांत उठून पळतो. मरणाची भीतीच नाही तिथं माणूस खरा कसा वागेल? ही तुलना मला लंगडी वाटते.

सिडकोची सूनबाई: हे मान्य. पण पसरवणाऱ्यांना कोविडमध्ये तरी कुठं भीती होती.

नाइटशिफ्ट सातपूर: तुम्ही सगळे अभ्यासकाच्या बाजूने बोलताय, ज्याचा अभ्यास होतो त्याचं काय? आमच्या पबजीच्या ग्रुपमध्ये एक पोरगा दोन महिने खेळला, जेवायला पण आला घरी, नंतर कळलं आमच्या रात्रीच्या गप्पा त्याच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये, शिव्यांसकट. विचारलं असतं तर दिल्या असत्या की, पण विचारायचं ना आधी. फॅन असो नाहीतर नसो, मला त्याचं काय देणंघेणं नाही.

गंगापूररोडकर: हे मात्र भाचीला विचारतो आजच.

नाइटशिफ्ट सातपूर: विचारा, आणि संमतीचा फॉर्म मराठीत आण म्हणावं. खेळायला येणार असेल तर माइक म्यूट ठेवू नको, आमच्यात चालत नाही ते.