मदत हवी आहे: पुरुषांना मन मोकळं करता येईल असा गट पुण्यात आहे का?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ, वय ५२, कोथरूडला राहतो. मार्चमध्ये नोकरी गेली, तेव्हापासून त्याने बोलणंच टाकलंय. रोज पहाटे वेताळ टेकडीवर जातो, परत येतो आणि बूटही न काढता गॅलरीत बसून राहतो. वहिनी चहा ठेवते, त्यावर साय धरते. विचारलं की एकच, "काही नाही रे, ठीक आहे."

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन मराठीतही आहे, तो नंबर त्याला दिलाय. डॉक्टरांकडेही नेणार आहे. पण त्याला चार आपली माणसंही हवीत, असं मला मनापासून वाटतं. ऑस्ट्रेलियात 'मेन्स शेड' असतात. तिथे पुरुष एकत्र येऊन सुतारकाम, दुरुस्ती करतात आणि हात चालू असताना बोलतातही. हे मला फार पटलं. समोर बसवून "बोल" म्हटलं की दादा मिटतो; परवा स्कूटरचा प्लग साफ करताना मात्र स्वतःहून अर्धा तास बोलला.

कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड भागात असा नियमित भेटणारा गट कुणाला माहीत आहे का? स्वतः जात असाल तर पहिल्या दिवशी काय होतं, तेही सांगा. नसेलच, तर रविवारी सकाळी भेटायला कोण तयार आहे? जागा मी बघतो.