'नाव ठेवणे' आणि 'नावं ठेवणे'

कृष्णाकाठ (सांगली): आमच्या बचत गटात एका ताईंचा सलग दुसरा हप्ता आला नाही. बैठकीत कुणीतरी बोललं, "ती आहेच तशी, निष्काळजी." ताई उठल्या. दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "हप्ता मागा, नावं ठेवू नका."
तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसलाय. बाळाचं आपण नाव ठेवतो, माणसाला मात्र नावं ठेवतो. एकाचं अनेक झालं की बारशाची निंदा होते! समोरच्यावर शिक्का न मारता ऐकणं, म्हणजे 'नॉनजजमेंटल' ऐकणं, त्याला मराठीत 'पूर्वग्रहविरहित' म्हणतात, ते मला पटत नाही. पूर्वग्रह ऐकण्याआधी असतो. नावं आपण सगळं ऐकून झाल्यावरही ठेवतो. 'नावं न ठेवता ऐकणे' म्हटलं तर?

पंगतवाला: वचनाचा नियम टिकत नाही. "स्वयंपाकाला नाव ठेवायला जागा नाही." एकवचन, तरी अर्थ दोषाचाच.

कृष्णाकाठ: खरंय. वचनाचं सोडलं.

मिरजकर: 'न जोखता ऐकणे'?

हळदवखार: जोखण्याला कशाला बदनाम करता? सौद्यात आम्ही हळकुंड मोडून आतला रंग बघतो, ते जोखणं. न बघताच "माल हलका" म्हणणारा नावं ठेवतो.

जुना मास्तर: २०१९ च्या पुरात आमच्या शाळेत लोक आणून ठेवले होते. येईल त्याला पहिला प्रश्न, "आधीच का नाही निघालासा?" पुढं प्रश्नचिन्ह असलं तरी हे नावं ठेवणंच. एक आजी तर भिंतीकडं तोंड करून बसल्या. मग भात वाढणाऱ्या बाईनं विचारलं, "आजी, पाणी कुठवर आलतं?" आजी अर्धा तास बोलल्या. २००५ ला पाणी उंबऱ्याशी थांबलं होतं, म्हणून २०१९ लाही सामान माळ्यावर टाकून त्या बसून राहिल्या. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या साली पाणी ५७ च्या वर गेलं. आजींकडं खूण होती, पण ती २००५ ची.
मार्शल रोझेनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं अहिंसक संवादाच्या चार पायऱ्या सांगितल्यात: निरीक्षण, भावना, गरज, विनंती. पहिल्या पायरीवर आपलं मत मिसळायचं नाही, एवढीच अट. आणि तीच अवघड. "दोन हप्ते आले नाहीत" हे निरीक्षण. "निष्काळजी" हे ठेवलेलं नाव.

पंगतवाला: आणि 'बोल लावणे'?

जुना मास्तर: ते वेगळं. बोल एखाद्या घटनेपुरता लागतो, "माझ्यावर बोल नको" म्हणून झटकताही येतो. ठेवलेलं नाव चिकटतं.

कृष्णाकाठ: काल ताईंकडं जाऊन आले. वाटेत वाक्य घोकत गेले होते, "दोन हप्ते आले नाहीत, काय अडचण आहे का?" तेवढंच विचारलं. त्यांनी आधी चहा टाकला, तोही कोरा. मग म्हणाल्या, "म्हैस आटलीया. दुधाचं बिल बंद हाय."