कंपाउंडमागची बंद सायडिंग : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सचिव (बी-विंग) : सप्रेम नमस्कार. मागील सभेत कंपाउंडमागच्या बंद सायडिंगच्या (रेल्वेच्या मुख्य मार्गाला जोडलेल्या जादा रुळांच्या) जागेत कारंजे, लॉन आणि लग्नकार्यासाठी चौथरा करावा, अशा सूचना आल्या. माझे मत वेगळे आहे. या पट्टीचे मोल तिच्या लांबीत आणि सपाटपणात आहे. आगगाडीला चढ झेपत नाही; कोकण रेल्वेच्या एवढ्या डोंगराळ मार्गावरही चढ साधारण १५० मीटरला १ मीटर याहून तीव्र ठेवलेला नाही. त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणारे ज्येष्ठ आणि सायकल शिकणारी मुले या दोघांनाही झेपेल अशी वाट आपल्या चढउतारांच्या गावात दुसरीकडे मिळणार नाही. मधेच चौथरा बांधला, तर ही वाट कायमची तुटेल.

ए-१०४ : सचिवसाहेब, न्यूयॉर्कच्या हाय लाइनसारखे काही करता येईल का? मुलगी तेथे जाऊन आली, तिला फार आवडले.

सचिव : ताई, हाय लाइन जमिनीवर नाही. तो १९३४ सालचा मालगाड्यांचा उन्नत मार्ग असून १९८० मध्ये बंद पडला आणि २००९ पासून टप्प्याटप्प्याने उद्यान म्हणून खुला झाला. त्यानंतर आजूबाजूच्या जागांचे भाव इतके चढले की जुन्या भाडेकरूंना तेथे राहणे कठीण झाले, हेही विसरू नये. आपल्याला सिंगापूर अधिक जवळचे आहे. तेथे २०११ मध्ये मलायन रेल्वेची गाडी थांबल्यावर सुमारे २४ किलोमीटरची पट्टी चालण्यासाठी आणि सायकलींसाठी राखली गेली. पाऊसही तेथे आपल्यासारखाच धो धो पडतो.

सी-३०२ (निवृत्त अभियंता) : पावसावरून सांगतो. भरावाखालच्या मोऱ्या प्रथम साफ कराव्या लागतील, कारण त्या तुंबल्या तर जुलैमध्ये पाणी थेट आपल्या पार्किंगमध्ये येईल. खडी सरसकट उचलून वर काँक्रीट ओतण्याची घाई नको. पाणी मुरायला तिचाच उपयोग आहे. मात्र रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून लावायचे विषारी डांबरी तेल) लावलेले असे आणि रुळांवर तणनाशके फवारली जात, त्यामुळे मुलांना मातीत खेळू देण्यापूर्वी माती प्रयोगशाळेत तपासून घ्यावी. जुन्या स्लीपरांची बाके तर मुळीच करू नयेत, दिसायला कितीही झकास दिसली तरी!

बी-००२ : त्या कडेच्या जांभळी तोडणार का?

सचिव : नाही, आजी. बर्लिनमध्ये बंद पडलेल्या टेंपलहोफ रेल्वे यार्डात आपोआप वाढलेले रान तसेच राखून २००० साली निसर्गोद्यान खुले केले आणि पायवाटा त्यातूनच काढल्या. आपल्याकडेही घाणेरीची झुडपे काढावीत, जांभळी ठेवाव्यात.

आता कायद्याचे. जागा रेल्वेची आहे. परवानगीशिवाय आत फिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, हे सकाळी तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मालकी आपल्याला नको. मागणी वापराच्या परवानगीची असावी, आणि तीही नगरपालिकेमार्फत. अमेरिकेत १९८३ च्या कायद्याने अशी पट्टी पायवाट म्हणून वापरतानाच पुढे रेल्वेला लागल्यास परत घेण्याची तरतूद ठेवली. तशीच अट आपण अर्जात स्वतःहून घातली, तर रेल्वेची हरकत कमी होईल, असे मला वाटते. मसुदा उद्या रात्री टाकतो. दुरुस्त्या रविवारपर्यंत कळवाव्यात. चौथऱ्याचा आग्रह असणाऱ्यांनीही.