ट्रेन कंडक्टर व्हायचं आहे (नागपूर) – अर्जंट मदत हवी

मानेवाडा_एक्सप्रेस: ट्रेनवर कंडक्टर व्हायचं आहे. पात्रता काय, ट्रेनिंग कुठे, पगार किती? गूगल कर म्हणू नका, करून झालं. जो तो वेगळंच सांगून राहिला. लवकर सांगा.

गोकुळपेठकर: दहावी पास आणि आरटीओचा कंडक्टर बॅज. गणेशपेठ स्टँडवर जाऊन विचारा. एजंटला पैसे देऊ नका.

मानेवाडा_एक्सप्रेस: एसटी नाही भाऊ, रेल्वे. शीर्षक तरी वाचत जा.

अजनी_यार्ड: रेल्वेत म्हणजे काय? तिकीट तपासणारा टीसी, की मागच्या ब्रेकव्हॅनमधला गार्ड? टीसी कमर्शियल खात्याचा, गार्ड ऑपरेटिंग खात्याचा. वय आणि शिक्षण तुम्हीच लिहिलं नाही, आणि घाई आम्हाला!

मानेवाडा_एक्सप्रेस: गार्डच. बी.कॉम. २६.

सेकंड_लाइन: मेट्रोचं का नाही बघत? घरी जेवायला येता येतं. माझा भाचा खापरी लाइनवर आहे, एकदम खुश.

अजनी_यार्ड: त्यानं मेट्रो विचारली का? असो. २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात. सुरुवात मालगाडीपासून, म्हणजे गुड्स ट्रेन मॅनेजर. रेल्वे भरती बोर्डाच्या (आरआरबी) एनटीपीसी परीक्षेचा पदवीधरांचा फॉर्म भरायचा. पहिल्या सीबीटीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत, १०० प्रश्न, दुसऱ्यात १२०, दोन्हीला ९० मिनिटं, चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. स्टेशन मास्तरला असते ती अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट गार्डला नाही. मूळ पगार २९,२००, वर किलोमीटर भत्ता. फॉर्म एकाच बोर्डाला भरता येतो. नागपुरात मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा दोन रेल्वेंचे विभाग आहेत, तेव्हा कोणत्या बोर्डाकडे किती जागा ते जाहिरातीत बघूनच भर.

ट्रेनिंग, मध्य रेल्वेत लागलास तर भुसावळला. जनरल अँड सबसिडिअरी रूल्स, म्हणजे गाड्या चालवण्याचे नियम, पाठ करून घेतात. गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांच्या मध्ये, अडकली की मागून येणाऱ्या गाडीसाठी रुळावर इशाऱ्याचे फटाके लावायचे: ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. रात्री दोन वाजता पावसात हे एकट्यानं चालत जाऊन करायचं असतं. मग जुन्या गार्डसोबत सेक्शन शिकायचा: कुठे चढ, कोणता सिग्नल वळणावर उशिरा दिसतो. ते पुस्तकात नाही.

चष्मा आहे का?

मानेवाडा_एक्सप्रेस: आहे, छोटा नंबर. पुढच्या महिन्यात लेसर करून घेतो, मग काय प्रॉब्लेम?

क्लासवाले_सर: काही प्रॉब्लेम नाही. आधी परीक्षा काढ, मेडिकलचं नंतर बघता येतं. आमच्या बॅचमध्ये,

अजनी_यार्ड: सर, पोराला बुडवू नका. गुड्स ट्रेन मॅनेजरला ए-टू मेडिकल लागतं: चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/९, रंग आणि रात्रीची नजरही तपासतात. लेसर केलेला उमेदवार ए-टूला चालत नाही. ऑपरेशन केलंस की दार कायमचं बंद.

क्लासवाले_सर: कोणाला कळतं?

अजनी_यार्ड: मेडिकलला डॉक्टर स्वतः विचारतात, लिहूनही घेतात. खोटं लिहिलेलं नंतर निघालं तर नोकरीच जाते.

सेकंड_लाइन: म्हणून म्हटलं, मेट्रो.

वर्धा_लोकल: गार्डची जिंदगी काय सांगू बे. बल्लारशाहच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरच्या मुक्कामाच्या खोलीत, दिवाळी काढली आमच्या बाबानं. आई फराळाचा डबा ड्युटीवाल्याच्या हाती पाठवायची.

मानेवाडा_एक्सप्रेस: बरं, कॉन्टॅक्ट लेन्स लावून गेलो तर?

अजनी_यार्ड: अरे, चष्म्याशिवाय म्हणजे डोळ्यावर काहीच नाही! उद्याच्या उद्या साध्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, चष्मा काढून वाचून बघ. ६/९ येत असेल तर लेसर विसर. नसेल येत, तर त्याच पदवीधर फॉर्ममध्ये चीफ कमर्शियल कम टिकट सुपरवायझर आहे, मूळ पगार ३५,४००, बी-टू मेडिकल, चष्मा चालतो. पसंतीक्रमात ते वर टाक. नंबर किती आहे ते मात्र अजून सांगितलं नाहीस.

मानेवाडा_एक्सप्रेस: एका डोळ्याचा सव्वा. दुसऱ्याचा कागद घरी आहे.