मदत हवी आहे: डेन्व्हरचा पहिला हिवाळा, ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी, पण विंटर टायर नाहीत

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

बर्फात गाडी चालवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. जरा घाईने हवा आहे, कारण पुढच्या आठवड्यात इथे मोसमातला पहिला मोठा स्नो सांगितला आहे.

आम्ही उन्हाळ्यात डॅलसहून डेन्व्हरजवळ ऑरोराला राहायला आलो. गाडी २०१९ ची सुबारू फॉरेस्टर, ऑल-व्हील ड्राइव्ह, डॅलसलाच सेकंडहँड घेतलेली. टायर ऑल-सीझन आहेत, बाजूला 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छापलेलं आहे. आधीच्या मालकाने ते कधी टाकले याचा पत्ता नाही. घासलेले दिसतात, पण गुळगुळीत झालेले नाहीत.

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे. सकाळची पाळी असली की पहाटे पाचला घर सोडावं लागतं. शाळा बंद, ऑफिसं बंद, तरी आम्हाला जावंच लागतं. नवऱ्याची फिरतीची नोकरी, त्यामुळे 'आज तू सोड' म्हणायचीही सोय नाही.

त्यात डिसेंबरात आई-बाबा कराडहून येताहेत. आईने आजवर बर्फ पाहिलेला नाही. तिला डोंगरातला, झाडांवर साचलेला बर्फ बघायचाय, म्हणून ब्रेकनरिजला न्यायचं मनात आहे. म्हणजे आय-७० महामार्ग आला, आयझेनहॉवर बोगदा आला. गाडीत ती दोघं असताना मला कसलीही जोखीम नको.

लोक दोन टोकांचं बोलतात. कामावरची मैत्रीण म्हणते, 'सुबारू आहे ना, मग कसली काळजी?' टायरच्या दुकानातला माणूस म्हणतो, विंटर टायर टाकल्याशिवाय गाडी बाहेर काढूच नका. त्याला टायर विकायचे आहेत हे मला कळतं, पण म्हणून तो खोटं बोलतोय असंही वाटत नाही.

तर, ऑल-व्हील ड्राइव्ह आणि ऑल-सीझन टायर एवढ्यावर शहरातलं भागेल का? डोंगरात जायचं तर विंटर टायर लागतातच का? आणि घ्यायचेच झाले तर चारही, की दोन पुरे? विमानाची तिकिटं नुकतीच काढलीत, चार टायरांचा खर्च आत्ता जड जाईल. पण गरज असेल तर करू.

आगाऊ धन्यवाद.

रानवाट

ताई, बाकी चर्चा नंतर, आधी टायरच्या खाचा मोजा. दुकानात ट्रेड डेप्थ गेज दोन-चार डॉलरला मिळतं. ते आणेपर्यंत एक सेंटचं जुनं नाणं घ्या, २००८ किंवा त्याआधीचं, ज्याच्या मागे लिंकन मेमोरियलची इमारत असते. ती इमारत उलटी करून खाचेत घाला. छप्पर पूर्ण झाकलं गेलं तर खाच ६/३२ इंच किंवा जास्त आहे. छप्पर दिसलं तर कमी. चारही टायरांवर, आतल्या-बाहेरच्या दोन्ही कडांना करून बघा, कारण टायर बऱ्याचदा एका बाजूने जास्त घासलेला असतो.

६/३२ का, तर हाच ३/१६ इंचाचा आकडा कोलोरॅडोच्या कायद्यात आहे. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे ट्रॅक्शन लॉ, म्हणजे टायरच्या पकडीचा कायदा, लागू असतो. ऑल-व्हील ड्राइव्हला सूट आहे ती टायरला एवढी खाच असेल तरच. नसेल तर चाकांवर चढवायच्या साखळ्या किंवा चाकाचे कापडी मोजे गाडीत हवेत. त्याशिवाय जाऊन गाडी अडकली आणि रस्ता तुंबला, तर दंड साडेसहाशे डॉलरच्या वर जातो.

उत्तरवारा

मी मिनियापोलिसला बरीच वर्षं आहे. इथे अर्धं शहर ऑल-सीझनवरच चालतं, आमची गाडी तर फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे. रस्ते लगेच साफ होतात, मीठ पडतं. हळू चालवा, अंतर ठेवा, काही होत नाही. लोक उगाच घाबरवतात असं माझं मत.

धुरा

उत्तरवारा, तुमचं गाव सपाट आहे हो. ताईंना आय-७० वर जायचंय. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आणि आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेचं तोंड ११,१५८ फुटांवर. साठेक मैलांत ही चढण, आणि बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबलचक उतार. चढताना तुम्ही म्हणता ते एक वेळ खपेल. उतरताना नाही.

ताई, मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या चाचण्यांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ऑल-व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवते. त्यामुळे बर्फात गाडी जागची हलते, चढ चढते, ड्राइव्हवेमधून बाहेर निघते. तिचं काम एवढंच. ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबायच्या वेळी तुमची फॉरेस्टर आणि शेजारची साधी फ्रंट-व्हील गाडी एकाच पायरीवर. वळणावरही तेच. तिथे टायर आणि रस्ता यांच्यातली पकड काय ती कामाची.

आकड्यांत सांगतो. ताशी ३० मैल वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ११ ते १२ मीटरमध्ये उभी राहते. दाबलेल्या बर्फावर त्याच वेगाला ३५ ते ४० मीटर लागतात. गुळगुळीत आईस असेल तर ९० मीटरच्या आसपास. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर यात धरलेलं नाही. आता वेग ३० चा २० करा, दाबलेल्या बर्फावर थांबायला १६-१७ मीटर पुरतात. वेग एक तृतीयांश कमी केला, अंतर निम्म्याहून खाली आलं. बर्फात सगळ्यात स्वस्त सुरक्षा हीच.

ऑल-व्हील ड्राइव्हचा एक धोका कुणी बोलत नाही. साध्या गाडीचं चाक सिग्नलवरून निघतानाच जागेवर फिरतं, तेव्हा चालवणाऱ्याला रस्ता किती निसरडा आहे ते कळतं. तुमची गाडी तिथून सहज निघते. रस्ता घसरडा असल्याची पहिली वर्दी मग ब्रेक मारल्यावरच मिळते, आणि तेव्हा समोर कुणाची तरी डिकी असते. मोठ्या स्नोमध्ये रस्त्याकडेच्या चरात गेलेल्या गाड्या बघा, त्यांत ऑल-व्हीलवाल्या भरपूर असतात.

आता टायर. थंडीत रबर कडक होतं. ७ अंश सेल्सिअसच्या खाली समर टायरची पकड झपाट्याने जाते, ऑल-सीझनची हळूहळू. विंटर टायरचं रबर कडक थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर असंख्य बारीक चिरा असतात. त्या उघडतात, बर्फाला चावतात, आणि खाचांत बर्फ धरून ठेवतात. बर्फावर बर्फाचीच पकड चांगली बसते, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. ऑल-सीझन टायर अर्धा घासला की त्यावरच्या या चिरा उथळ होतात, काही ठिकाणी पुसूनच जातात. म्हणून 'गुळगुळीत नाहीत' एवढ्यावर जाऊ नका.

'एम प्लस एस' वर विसंबू नका. ते खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच छापते, बर्फात चाचणी द्यावी लागत नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण, असं चिन्ह शोधा. ते चाचणीनंतर मिळतं. अमेरिकेत ही चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे ओढण्याची असते, थांबण्याची किंवा वळण्याची नाही, हेही लक्षात असू द्या.

कृष्णाकाठ

धुरा, रानवाट, खूप खूप आभार. आज गेज आणून मोजलं. पुढच्या दोन्ही टायरांना ५/३२, मागच्यांना ६/३२ काठावर. डोंगराचं चिन्ह कुठेच नाही. म्हणजे या टायरांवर आय-७० ला जाणं कायद्यातही बसत नाही असं दिसतंय.

मग पुढचेच दोन बदलले तर?

धुरा

नाही. दोन कारणं. पहिलं, पुढे चांगली पकड आणि मागे कमी असली तर उतारावरच्या वळणात गाडीचा मागचा भाग निसटतो आणि गाडी फिरते. दुसरं, तुमची गाडी कायम चारही चाकं फिरवते. चार टायरांचा घेर वेगवेगळा असला तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचवर सतत ताण येतो. टायरांच्या खाचांमध्ये २/३२ इंचापेक्षा जास्त फरक नको असा साधारण नियम आहे. नवा टायर १०/३२ च्या आसपास असतो, तुमचे मागचे ६/३२. चारही एकदम घ्या.

रानवाट

धुरांशी पूर्ण सहमत. आता कुठले घ्यायचे ते सांगतो, मी लेकवूडला राहतो म्हणून इथली हवा माहीत आहे.

डेन्व्हरचा हिवाळा फसवा असतो. आज फूटभर स्नो, परवा लख्ख ऊन आणि कोरडा रस्ता. निव्वळ विंटर टायर घेतले तर वसंतात ते काढून दुसरा संच लावावा लागतो, गरमीत ते फार लवकर झिजतात. गॅरेजमध्ये जागा आणि खिशात पैसे असतील तर मी तरी तेच सांगेन, आईसवर त्यांना तोड नाही. पण तुम्हाला एकाच संचात भागवायचंय आणि तुमचे टायर तसेही बदलायला आलेत. अशा वेळी ऑल-वेदर प्रकारचे घ्या. ऑल-सीझन नव्हे, ऑल-वेदर. मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, नोकियनचे, ब्रिजस्टोन वेदरपीक, टोयो सेल्सियस असे बरेच आहेत. सगळ्यांवर डोंगराचं चिन्ह असतं आणि बारा महिने चालतात. तुमच्या गाडीचा आकार बहुधा २२५/६०आर१७ असेल, टायरच्या बाजूलाच लिहिलेला असतो, तो बघून भाव विचारा. पहिला स्नो पडला की दुकानांत रांग लागते, आजच फोन करा.

टायर येईपर्यंत स्नो पडला आणि पाळी असलीच, तर अर्धा तास आधी निघा किंवा सोबत काम करणाऱ्या कुणाबरोबर जा. बर्फ काढणारा नांगर फिरलेला हमरस्ता आतल्या रस्त्यांपेक्षा बरा. पहाटे पाचला खरी भीती ब्लॅक आईसची. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं, पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर आधी. दिव्यांच्या उजेडात रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत, असं दिसलं की ते पाणी नव्हे. पाय अॅक्सिलरेटरवरून अलगद काढा. ब्रेक नको, स्टिअरिंगला झटका नको.

पहिल्या स्नोनंतर एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन ताशी १५ मैलांवर ब्रेक कचकन दाबून बघा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागलं की पायाखाली ब्रेक थरथरतो, खरखर आवाज येतो. तेव्हा पाय उचलायचा नाही, दाबून धरायचा. पहिल्यांदा हा अनुभव चौकात येऊ नये.

सुरंगी

घाटात गाडी चालवलेल्यांना एक गोष्ट आपसूक जमते, ती इथेही करा. खंबाटकी किंवा कसारा उतरताना आपण ब्रेकवर नाही, गिअरवर उतरतो. बोगद्यानंतरच्या उतारावर गिअरच्या दांड्याने एल किंवा मॅन्युअल जे असेल ते वापरून वेग आधीच कमी ठेवा, आणि तेही हळूहळू.

आई-बाबांबद्दल वेगळंच सांगायचंय. ब्रेकनरिज ९,६०० फुटांवर आहे. माझ्या सासऱ्यांना तिथे पहिल्या रात्री धाप लागली, डोकं दुखलं, रात्रीच खाली आणावं लागलं. भारतातून आल्यावर आठवडाभर डेन्व्हरात राहू दे, पाणी भरपूर, आणि रक्तदाबाची वगैरे औषधं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्यांदा एव्हरग्रीनला न्या. ते साधारण ७,००० फुटांवर आहे, तळं गोठलेलं असतं, चहूकडे पाइनची झाडं, आणि बोगद्यापर्यंत जावंच लागत नाही.

आणि स्वतः चालवलंच पाहिजे असं कुठे आहे? डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून डोंगरातल्या विंटर पार्कला रेल्वे जाते, मॉफट बोगद्यातून. खिडकीत बसून आईंना सगळा डोंगर बघता येईल, आणि तुम्हालाही.

कृष्णाकाठ

सुरंगीताई, रेल्वेचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आईला रेल्वे फार आवडते. उंचीचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, बाबांना रक्तदाब आहे. त्यांच्या डॉक्टरांशी या रविवारी बोलते.

टायर ठरवले. चारही ऑल-वेदर, गुरुवारची वेळ मिळाली. स्नो शुक्रवारी रात्री सांगितलाय. ब्रेकनरिजचं फेब्रुवारीत बघू, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि कोट्रिपवर (कोलोरॅडोतल्या रस्त्यांची स्थिती सांगणारी साइट) रस्ता कोरडा दाखवत असेल तरच.

शेवटचं विचारते: गाडीत काय काय ठेवू?

रानवाट

लहान फावडं, बर्फ खरवडायचा ब्रश, घोंगडी, हातमोजे, टॉर्च, पाणी, सुका खाऊ, फोनचा चार्जर. मांजराच्या ट्रेमधल्या मातीची पिशवी ठेवा, चाक फिरत राहिलं तर त्याच्यापुढे टाकायला. काच धुवायचं पाणी उणे २० फॅरनहाइटपर्यंत न गोठणारं घ्या, टेक्सासमधलं गोठेल. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवायची वेळ आली तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर गाडीत भरतो. हे घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

टायर बसवून आणल्यावर पहिल्या थंड सकाळी, गाडी चालवायच्या आधी, हवा तपासा. दर १० अंश फॅरनहाइट घसरणीला साधारण १ पीएसआय कमी होते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर जो आकडा आहे तेवढी भरा, टायरवर छापलेला नव्हे.