आईच्या फिजिओथेरपीसाठी कार्ड कुठे चालेल?

मंगळवार, सकाळ

बी-४०३: नमस्कार सगळ्यांना. घरच्या कामासाठी ग्रुपवर लिहितेय, राग मानू नका. माझी आई, वय ७२, बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ७० वर्षांवरच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डावर झालं, एक रुपया भरावा लागला नाही. ऑपरेशनला दोन आठवडे झाले, घरी येऊन आज अकरावा दिवस. डिस्चार्ज कार्डावर तळाला एकच ओळ आहे, "फिजिओथेरपी घ्यावी". कुठे, किती दिवस, काय करायचं, काही नाही. घरी येणारे एका वेळचे ६०० सांगतात. रोज म्हटलं तर महिन्याचे अठरा हजार होतात, ते आम्हाला झेपणार नाहीत. आपल्या भागात हे ५ लाखांचं कार्ड घेणारा फिजिओ माहीत आहे का कुणाला? काल चार ठिकाणी फोन केले. कार्डाचं नाव काढलं की "आमच्याकडे ते नाही" म्हणतात.

ए-१०२ सेक्रेटरी: ताई, यात राग कसला? ज्यांना माहिती असेल त्यांनी इथेच लिहा, पर्सनलवर नको. उद्या दुसऱ्या कुणाला लागेल.

सी-२०१: माझी फिजिओथेरपी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये झाली, फार चांगली. पण ते माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठीच असतं, तुमच्या आईला चालणार नाही. गाडी लागली तर मात्र केव्हाही सांगा.

बी-१०४: अगं, एवढं कशाला? माझ्या माहेरी एक हाडवैद्य आहेत, तेल लावून मालिश करतात. माझ्या दिरांचा पाय महिन्याभरात मोकळा झाला होता.

ए-५०३: काकू, मोठ्यांना उलट बोलते असं नका समजू, पण मालिश नको. मी फिजिओथेरपीची इंटर्न आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. ताई, आजींच्या एका पोटरीला सूज, गरमपणा किंवा दुखणं आहे का? असेल तर फिजिओकडे नंतर, आधी डॉक्टरकडे. आणि ऑपरेशन नक्की कोणतं, रॉड घातलाय की गोळा बदललाय?

बी-४०३: गोळा बदललाय. सूज नाही, आत्ताच दोन्ही पाय बघितले.

बी-१०४: बरं झालं सांगितलंस गं. मला हे ठाऊक नव्हतं.

डी-६०२: मी नऊ वर्षं एका हॉस्पिटलच्या कॅशलेस काउंटरला होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ताई, चार ठिकाणी नकार मिळाला त्यात तुझं काही चुकलं नाही. आधी कुणी सांगतच नाही. महात्मा फुले योजना असो की आयुष्मान, ही भरती होऊन घ्यायच्या उपचारांची योजना आहे. प्रत्येक उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. भरती असताना फिजिओ पलंगापाशी येऊन उभं करतो, वॉकर धरायला शिकवतो, ते त्यातच धरलेलं असतं. घरी आल्यावर रोज ओपीडीत जाऊन करायचे व्यायाम त्यात येत नाहीत. गल्लीतलं फिजिओ क्लिनिक योजनेत नसतंच, मग त्यांनी बिल पाठवायचं कुणाला? म्हणून "कार्ड घेणारा फिजिओ" शोधत बसलीस तर दिवस जातील, आणि आईचे हेच दिवस महत्त्वाचे आहेत.

पण एक कर. आयुष्मानच्या नियमात डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी पॅकेजमध्ये धरली आहे. तुझा आज अकरावा, म्हणजे उद्याच जा. ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलमध्ये योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठ. सर्जनकडून दोन गोष्टी कागदावर घे: डाव्या पायावर किती वजन टाकायचं आणि कोणत्या हालचाली टाळायच्या. त्यांच्या फिजिओलाही एकदा दाखव. कुणी टोलवाटोलवी केली तर योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ किंवा १४५५५ वर, तक्रार नोंदव, तक्रारीचा नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. ती चिठ्ठी हातात असली की पुढे कुठेही गेलीस तरी तिथल्या माणसाला अंदाजाने काम करावं लागणार नाही.

बी-४०३: काकू, हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं असतं तर! त्या दिवशी फाइल हातात देऊन दहा मिनिटांत आम्हाला खाली उतरवलं. मी विचारायला पाहिजे होतं.

डी-६०२: तू आईला सांभाळत होतीस. सांगणं हे त्यांचं काम होतं. बरं, आता मला सांग, तुझा भाऊ कुठे कामाला आहे? पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापतात का?

बी-४०३: चाकणला कंपनीत आहे. ईएसआयचं विचारते त्याला.

मंगळवार, दुपार

ई-३०२: तोवर मी लिहितो. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही पिंपरीच्या वायसीएममध्ये जात होतो. महापालिकेचं हॉस्पिटल आहे, केसपेपर काढायचा आणि फिजिओथेरपी विभागात जायचं. बाहेरच्या मानाने पैसे अगदीच किरकोळ. वेळ मात्र हाताशी ठेवा, रांग असते. सांगवीकडून जवळ पडत असेल तर औंधचं जिल्हा रुग्णालयही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. महापालिकेची हॉस्पिटलं त्यात येत नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. औंधला ज्येष्ठांसाठीची वेगळी ओपीडी आहे का तेही विचारा, वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांना फिजिओथेरपीची सोय करून दिलेली असते.

ए-५०३: फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीही धरा. पिंपरीत संत तुकारामनगरला आहे. विद्यार्थी व्यायाम करून घेतात, पण वर सर लक्ष ठेवून असतात, आणि एका पेशंटला वेळ भरपूर मिळतो. खासगी कुणाला बोलवलंच तर राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा. इंटर्नशिप धरून चार-पाच वर्षांचं शिक्षण असतं आमचं. ज्याच्याकडे नंबर आहे तो लगेच सांगतो.

बी-४०३: भावाने पगाराची स्लिप पाठवली. एकूण पगार १९,०००. "ईएसआय १४३" असं लिहिलंय. त्याला वाटायचं हा कसलातरी टॅक्स आहे. तीन वर्षं कापतायत.

डी-६०२: अगदी बरोबर! पगाराचे पाऊण टक्का, वर कंपनी सव्वातीन टक्के भरते. पगार २१,००० पर्यंत असला की ही योजना लागू होते. आणि ईएसआयमध्ये ओपीडी चालते, इथेच सगळा फरक आहे. अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात, त्यांचं स्वतःचं उत्पन्न महिन्याला ९,००० च्या आत असलं पाहिजे. आईला काही पेन्शन आहे का?

बी-४०३: बाबांच्या मागची पीएफची पेन्शन. दीड हजार येते.

डी-६०२: मग काही अडचण नाही. भावाला सांग, आजच एचआरकडे जाऊन आईचं नाव कुटुंबाच्या यादीत घालून घे. आईचं आधार आणि फोटो लागेल. नाव चढलं की ई-पहचान कार्ड प्रिंट करायचं. ते घेऊन आधी ईएसआयच्या दवाखान्यात, तिथले डॉक्टर तपासून चिठ्ठी देतात, मग चिंचवडच्या मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल. थेट हॉस्पिटलला गेलात तर परत पाठवतील, पहिल्यांदा सगळे तिथेच चुकतात. आणि वय वंदना कार्डही राहतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएसवाल्यांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं, ईएसआयवाल्यांना नाही.

बी-४०३: म्हणजे तीन वर्षं आईचा हक्क होता आणि आम्ही तिच्या गुडघ्यांसाठी बाहेर पैसे भरत होतो.

ए-१०२ सेक्रेटरी: आपल्या वॉचमन दादांची आणि हाउसकीपिंगच्या मावशींची स्लिप आजच एजन्सीकडून मागवतो. ईएसआय भरतात की नाही, भरत असतील तर घरच्यांची नावं आहेत का, दोन्ही बघू.

डी-६०२: हे फार चांगलं केलंत.

बुधवार, रात्र

बी-४०३: आज जाऊन आले. आरोग्यमित्र मुलगा भला होता, स्वतः सोबत आला. सर्जननी लिहून दिलं, "वॉकरने सोसेल तेवढं वजन टाकून चालणे". टाळायच्या गोष्टी: मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं, खाली वाकून उचलणं. कुशीवर झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी.

ए-५०३: अगदी हेच हवं होतं. ईएसआयचं काम होईपर्यंत थांबू नका, घरी सुरू करा. पावलं घोट्यातून वरखाली, तासातासाला दहा वेळा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. मी रात्री आठला येऊन एकदा दाखवून जाते, पैशांचं काढू नका. आणि ताई, खुर्ची उंच हवी, बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाता कामा नये. आजींच्या वॉकरचे रबर बघा, मागे लिफ्टमध्ये पाहिलं तेव्हा एका पायाचं रबर झिजून आतलं ॲल्युमिनियम फरशीला लागत होतं. त्यावरून परत घसरतील.

ई-३०२: तसली रबरं माझ्याकडे पडून आहेत, बाबांच्या वॉकरची. घेऊन येतो.

बी-१०४: माझ्याकडे कमोडवर ठेवायची उंच सीट आहे, सासूबाईंची. धुऊन ठेवलेली आहे. मुलाबरोबर पाठवते. आणि दुपारी दोन ते चार मी येऊन बसत जाईन आईंपाशी, तू जरा पड.

शनिवार

बी-४०३: आईचं नाव चढलं, ई-पहचान आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. सोमवारी बोलावलंय. आज आई वॉकर धरून पलंगापासून हॉलच्या खिडकीपर्यंत गेली. चौदा पावलं. मोठ्याने मोजत होती, बाराव्याला थांबली, मी खुर्ची पुढे केली तर हातानेच "राहू दे" म्हणाली आणि दोन टाकली. खिडकीतून खाली तुळशीकट्टा दिसतो, त्याला नमस्कार केला. काकू, तुम्ही सगळ्यांनी जे केलंत ते कसं फेडू कळत नाही.

ए-१०२ सेक्रेटरी: बी विंगच्या लिफ्टचं सर्व्हिसिंग सोमवारी सकाळी होतं, ते मंगळवारवर ढकललंय. वॉचमन दादांच्या घरच्यांची नावं यादीत नव्हती. एजन्सीला मेल केलाय, आठवड्याची मुदत दिलीय.

सी-२०१: सोमवारी पावणेनऊला गाडी गेटपाशी असेल. पुढची सीट मागे सरकवून उशी टाकून उंच केली आहे. वॉकर घडी करून डिकीत मावतो, माझा ठेवून बघितला.