गर्भजल हिरवं आलं, तर कोणत्या बाळावर लक्ष ठेवायचं?

निशिगंध:
लेबर रूममध्ये नव्याने येणाऱ्या सिस्टरांसाठी तक्ता करतेय. गर्भजलात मेकोनियम (बाळाची पोटातच झालेली पहिली शी) असूनही बहुतेक बाळं ठणठणीत असतात. मग श्वासाचा त्रास होणारं बाळ आधी कसं हेरायचं? डोकं बाहेर येताच सक्शन (नळीने तोंड-नाकातलं ओढून काढणं) करायचं की नाही, यावरही दोन मतं ऐकू येतात.

सूतिका:
रंगापेक्षा दाटपणा बघा. पातळ हिरवट पाण्याची काळजी कमी. दाट, गुठळ्यांचं असेल तर सावध व्हा. सोबत ४१ आठवडे उलटलेले, पाणी कमी किंवा कळ ओसरली तरी बाळाचे ठोके खालीच, असं असेल तर बालरोगतज्ज्ञ प्रसूतीआधीच खोलीत हवेत. नखं, नाळ पिवळट-हिरवी दिसली, तर शी होऊन काही तास गेलेत. ३४ आठवड्यांच्या आत असं पाणी क्वचितच दिसतं. दिसलं तर संसर्ग तपासा.

बालवैद्य:
डोकं बाहेर आल्यावरचं सक्शन कधीच मागे पडलंय. २०१५ नंतर सुस्त बाळाच्या श्वासनलिकेत सरसकट नळी घालून ओढणंही शिफारशीत नाही. त्यात वेळ जातो आणि ठोके आणखी पडू शकतात. वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर) घ्या, पुसा, मान सरळ ठेवा. तोंडात घाण साचली असेल तरच काढा, आधी तोंड, मग नाक. श्वास नाही किंवा ठोके १०० च्या खाली, तर पहिल्या मिनिटातच बॅग-मास्कने (फुगा दाबून मास्कमधून) श्वास द्या. मास्क, मान नीट करूनही छाती हलत नसेल, तर अडथळा धरून नळीतून ओढा.

निशिगंध:
आणि जोरात रडलेलं बाळ?

सूतिका:
आईच्या छातीवर द्या, पण विसरू नका! पाणी दाट असेल तर १ आणि २ तासांनी, पुढे १२ तासांपर्यंत दर २ तासांनी तपासा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की चुकतं, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतो. ६० च्या वर, कण्हणं, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांखाली खळगा पडणं, ऑक्सिजन ९५ च्या खाली, यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टरांना बोलवा.

बालवैद्य:
ऑक्सिजनचा प्रोब उजव्या हाताला लावा. पायाचा आकडा हातापेक्षा १० ने कमी आला, तर फुप्फुसातला रक्तदाब चढल्याची शंका घ्या. बरं चाललेलं बाळ अचानक बिघडलं आणि एका बाजूने श्वासाचा आवाज येईना, तर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसातून हवा निसटून छातीत साचणं) आधी बघा. मेकोनियमचा कण झडपेसारखा बसतो, हवा आत जाते पण बाहेर पडत नाही.